कळतं पण वळत नाही, ते नेमकं कुणाला?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात काही मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यातली एक. तेव्हापासून आमच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आणि बाहेरही एक वाद रंगलाय, आणि तो इतका ढिसाळपणे चाललाय की गप्प बसवत नाही. एका बाजूला ‘पदं मंजूर करा, माणसं नेमा’ म्हणणारे. दुसऱ्या बाजूला ‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? मोबाइल काढून घ्या, पोरं आपोआप ताळ्यावर येतील’ म्हणणारे. माणसं किती हवीत यावर दोन्हीकडचे लोक तावातावानं भांडतात. पण नेमलेला माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता, महिन्याभरात तिसरी वही हरवून समोर बसलेल्या पोराशी नेमकं काय करणार, हे विचारायला कुणी तयार नाही.

त्या पोराला जे जमत नाही त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स. मराठीत कुणीतरी त्याचं ‘कार्यकारी कार्ये’ करून ठेवलंय. ते ऐकलं की मला बांधकाम खात्यातले कार्यकारी अभियंता आठवतात. गोष्ट खरं तर घरगुती आहे. तोंडाशी आलेलं थोपवणं, डोक्यात दोन-तीन गोष्टी एका वेळी धरून ठेवणं, आणि एक वाट बंद झाली की हट्ट न धरता दुसरीकडे वळणं. या तिन्हींच्या जोरावर माणूस बेत आखतो, कामाला हात घालतो आणि ते तडीस नेतो. मेंदूच्या पुढच्या भागातली जी यंत्रणा हे सांभाळते ती पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहते, म्हणजे सगळीच मुलं यात थोडी कच्ची असतात. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत अशी अवस्था) असलेली, स्वमग्न, दिवस भरण्याआधी जन्मलेली, मारहाणीच्या धाकात वाढलेली मुलं जास्त अडखळतात. आपल्या भाषेत या अडखळण्याला शब्दांची ददात नाही: वेंधळा, धांदरट, विसरभोळा, चुळबुळ्या, आरंभशूर. यातला एकही शब्द डॉक्टरनं केसपेपरवर लिहावा असा नाही आणि आईनं मुलाला रोज ऐकवावा असाही नाही. एक वाक्प्रचार मात्र आपल्याकडे असा आहे की त्यात अर्धं निदान येऊन जातं. कळतं पण वळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जिल्हा रुग्णालयातल्या, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमधल्या आणि आता शाळांत येऊ घातलेल्या समुपदेशकांना अशा मुलांसोबतच्या कामाचं प्रशिक्षण दिलंच पाहिजे. पण ते मुलाच्या मेंदूची तालीम घ्यायचं प्रशिक्षण असेल, किंवा तीन दिवसांच्या शिबिरात उरकायचं असेल, तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. मुलाच्या घराची आणि वर्गाची मांडणी बदलायला शिकवणारं, आणि शिकलेल्याच्या पाठीशी वर्षभर कुणीतरी उभं ठेवणारं प्रशिक्षण हवं.

हे मत मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही, त्याआधी हात पोळून घेतलेत. वीसेक वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात काम करताना माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा यायचा. चुणचुणीत. ‘थांब, विचार कर, मग कर’ ही त्रिसूत्री मी त्याला रंगीत कार्डं करून शिकवली होती. चौथ्या भेटीत त्यानं ती घडाघडा म्हणून दाखवली, प्रत्येक पायरीला एक उदाहरणही दिलं. मी खुशीत केसपेपरवर ‘प्रगती चांगली’ असा शेरा मारला. पाच मिनिटांनी त्याची आई परत आत आली. पोरगा चपला बाकाखाली विसरून अनवाणीच एसटी स्टँडच्या दिशेनं पळाला होता, कारण बाहेर बँडचा आवाज आला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी त्याला चार आठवडे काय शिकवलं, एवढाच प्रश्न होता, आणि तो तिनं विचारलाही नाही.

एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हेच सांगत आले आहेत: या मुलांना काय करायचं ते ठाऊक असतं, ठाऊक असलेलं ऐन वेळी हातून घडत नाही. मग मदतही ऐन वेळी आणि ऐन जागी पोचायला हवी. माझ्या खोलीत पंखा होता, दार लोटलेलं होतं, समोर एकच मोठं माणूस होतं आणि ते फक्त त्याच्याकडे बघत होतं. अशा खोलीत कुणाचं लक्ष लागणार नाही? त्याची खरी परीक्षा बाहेर बाकाखाली होती आणि तिथे मी नव्हते.

आता आपली सेवा बाहेरून बघा. सोमवारी केसपेपर, तपासणी मंगळवारी, बुद्ध्यांक चाचणीची तारीख तीन आठवड्यांनी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांचं बोर्ड बसतं तो वार वेगळा, आणि प्रत्येक वेळी मागचे कागद सोबत हवेत. तारखा लक्षात ठेवा, क्रम चुकवू नका, रांगेत शांत बसा, कागद सांभाळा. ज्या घराला नेमक्या याच गोष्टी जमत नाहीत म्हणून ते दारात आलंय, त्या घराची आपण याच गोष्टींची परीक्षा घेतो आणि नापास झाल्यावर रजिस्टरमध्ये लिहितो, ‘फॉलोअपला येत नाहीत’. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर विचारूच नका. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या वाटेला लागतं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. अधले पाच-सहा महिने पोर उसाच्या फडात नाहीतर कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत. त्याला आपण जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारची तारीख देतो. वेंधळं कोण?

विरोधातले मुद्दे फुटकळ नाहीत, आणि मी ते झटकून टाकणार नाही. पहिला मुद्दा प्राधान्याचा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं बारा राज्यांत पाहणी केली. बहुतेक ठिकाणी लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता येत नव्हता आणि आजारी माणसांतली बहुसंख्य उपचारांविना होती. स्किझोफ्रेनियाचा तरुण घरात साखळीला बांधलेला असताना तुम्ही वह्या हरवणाऱ्या पोरांचं काय घेऊन बसलात, असं एक ज्येष्ठ सहकारी मला तोंडावर म्हणाले होते. त्यांचं दुःख खरं आहे. पण हा हिशेब चुकीच्या खात्यात मांडलाय. ही मुलं आपण नव्यानं शोधून आणणार नाही आहोत, ती दारात उभीच आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात आपल्याच पालघरला झाली आणि त्याच्या तपासणी यादीत अध्ययन अक्षमतेच्या शेजारी एडीएचडीही आहे. पथक शाळेत जातं, नोंद करतं, मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथे त्याला वेळ मिळतो. त्या वेळात बहुतेकदा काय होतं? एक चाचणी आणि पाऊण तास उपदेश. मी मागतेय ती वेळ साखळीतल्या तरुणाच्या वाट्याची नाही, उपदेशात वाया जाणारी आहे.

आणि ‘किरकोळ’ म्हणताना जरा जपून. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा संशोधक आजवर पाठपुरावा करताहेत. लहानपणी स्वतःला आवरणं ज्यांना कठीण गेलं त्यांच्यात बत्तिसाव्या वर्षी आजारपण, पैशाची ओढगस्त आणि गुन्ह्यांची नोंद जास्त दिसली. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक जमेस धरूनही दिसली. २०११ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांनी त्याचा अर्थ ‘पोरांना शिस्त लावा’ असा काढला. तो अर्थ त्यात नाही. कच्चेपणा पुढे महागात पडतो एवढंच त्यात आहे. तो ओरडून भरून निघतो असं कुठेही नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि तो डाव्या चळवळीतले मित्र मांडतात. म्हणतात, पोराच्या पोटात अन्न नाही, एका खोलीत सहा माणसं झोपतात, बाप दारू पिऊन मारतो, आणि तुम्ही त्याच्या मेंदूला नाव देता? गरिबीचा आजार करून टाकता? त्यांच्या बाजूनं पुरावाही आहे. तमिळनाडूत ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या चाचण्या उसाचे पैसे हातात यायच्या आधी आणि आल्यानंतर घेतल्या गेल्या. २०१३ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत तो अभ्यास छापून आला. तोच शेतकरी, तीच चाचणी, पण तंगीच्या दिवसांत तर्क लावणं आणि स्वतःला थोपवणं या दोन्हींत तो मागे पडत होता. चणचणीनं त्याचं डोकं आधीच व्यापलेलं होतं. (ते ऊस पिकवणारे होते. तोडणाऱ्यांच्या चाचण्या कुणी घेईल तेव्हा काय दिसेल याची कल्पना करवत नाही.) हे मी पूर्ण मान्य करते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? समुपदेशक काढून टाका, हा? उलट आज प्रशिक्षण नसलेला समुपदेशक दहा मिनिटांत एक तर ‘एडीएचडी वाटतो’ म्हणतो नाहीतर ‘आईबापांचं लक्ष नाही’. दोन्ही शिक्केच. चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला महिना याच प्रश्नांवर खर्च व्हावा: मूल रात्री किती वाजता झोपतं? सकाळी काय खाऊन शाळेत येतं? कान तपासलेत का? घरात मारतं कोण? वर्गात मध्येच पाच-दहा सेकंद हरवल्यासारखं होणारं मूल दुर्लक्ष करत नसेल, त्याला अपस्माराचा एक सौम्य दिसणारा प्रकारही असू शकतो. ते हेरायला शिकवलेला डोळा लागतो. ‘सगळं अंगणवाडीताई आणि बाई बघून घेतील, थेरपिस्ट कशाला’ असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. रोजचं काम त्याच करणार, यात वाद नाही. पण कुठलं मूल कशामुळे अडखळतंय याची निवड करणारं एक माणूस मधे लागतं.

तिसरा मुद्दा पुराव्याचा, आणि इथे मी आमच्याच लोकांच्या विरोधात उभी आहे. ‘स्मरणशक्ती वाढवा’, ‘मेंदूला व्यायाम द्या’ अशा जाहिराती करून हजारोंचे कोर्स विकणारी दुकानं आता तालुक्यांपर्यंत पोचलीत. २०१३ साली अशा कार्यस्मृतीच्या (डोक्यात गोष्टी धरून ठेवण्याच्या) तालमींवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. खेळात मूल तरबेज होतं, त्या खेळासारख्या दुसऱ्या खेळातही काही काळ पुढे जातं; वाचन, गणित, वर्गातलं लक्ष जिथल्या तिथे राहतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २०१६ मध्ये ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीकडून फसव्या दाव्यांपायी वीस लाख डॉलर वसूल केले. तेव्हा ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणणाऱ्यांनो, या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. आजी-आजोबांच्या पिढीनंही इथे फार हुरळून जाऊ नये. ‘शिवाजी म्हणतो’ आणि ‘म्हैस उडाली भुर्र’ हे खेळ स्वतःला थोपवण्याचा झकास सराव देतात, मीही खेळवते, पण ते खेळून कुणाचा गृहपाठ वेळेवर झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

थोतांड काय आणि उपयोगी काय, यातली रेघ मात्र पुसू नका. पालकांना शिकवण्याच्या कार्यक्रमांमागे भक्कम काम आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत पाच वर्षांखालच्या एडीएचडीच्या मुलांसाठी पहिला उपाय म्हणून पालकांचं गटप्रशिक्षणच सांगितलंय. मोठ्या मुलांत गरज असेल तिथे औषधालाही माझा विरोध नाही, अनेकांना त्याचा चांगला गुण येतो. पण औषध वही जागेवर ठेवत नाही. ती जागा ठरवावी लागते. एका दमात चार कामं न सांगता एक सांगावं, ते झाल्यावर लगेच आणि नेमकं कौतुक करावं, ‘शहाणा गं बाई’ असं मोघम नको. सकाळच्या कामांची चित्रं आंघोळीच्या दगडाजवळ चिकटवावीत, कपाटाच्या आत नव्हे. वर्गात त्याला खिडकीपासून उठवून फळ्याजवळ आणावं आणि दहा गणितं पाच-पाचच्या दोन चिठ्ठ्यांवर द्यावीत. ऐकताना हे इतकं साधं वाटतं की यासाठी प्रशिक्षण कशाला, असं कुणीही म्हणेल. माझ्याही मनात हेच यायचं. मग लक्षात आलं की सांगायला साधं आहे, अमुक घरात बसवायला नाही.

मुलाला बदलण्याऐवजी त्याच्याभोवतीची रचना बदलणं ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. त्या काळच्या शहाण्या माणसांचं निदान तयार होतं: आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही. या दोघींनी बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली. जी मुलं गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. मुलांच्या ‘गोडी’वर भाषण न देता त्यांनी जागा आणि वेळ बदलली. ऊसतोडीच्या कोपीवर जानेवारीत जाणारा समुपदेशक ही मागणी त्यापुढे कितीशी मोठी आहे?

‘अर्धवट शिकलेल्यांच्या हाती हे देऊ नका’ ही भीतीही जुनीच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं तेव्हा डॉक्टरमंडळींना ते पटणं अवघड होतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत निकाल आले: तिसऱ्या वर्षी ३९ गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. या यशाचं श्रेय सगळे त्या बायकांना देतात, आणि ते द्यायलाच हवं. पण एक तपशील कुणी उद्धृत करत नाही. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन नोंदी पडताळत होता आणि तिथेच बसून पुन्हा शिकवत होता. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं नैराश्याच्या उपचारासाठी सर्वसाधारण शिक्षणाच्या समुपदेशकांना तयार केलं तेव्हा त्यांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण होत होतं, गटात बसून ते एकमेकांच्या भेटी ऐकायचे आणि गुण द्यायचे. दोन्ही ठिकाणी शिकवणं थोडं होतं आणि सोबत लांबची.

आपल्याकडे याच्या उलट. जिल्ह्याच्या ठिकाणी एसी हॉल, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, एकशे चाळीस स्लाइड, फोल्डर, पेन, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो आणि अभिप्रायाचा फॉर्म, ज्यात सगळे ‘उत्कृष्ट’वर खूण करतात. अशा शिबिरांतून मीही अनेकदा व्याख्यानं दिलीत, मानधन घेतलंय. शिबिरानंतर थेरपिस्टची माहिती वाढते आणि वागणूक फारशी बदलत नाही, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आलंय. का बदलावी? सोमवारी तो आपल्या टेबलाशी परत जातो, बाहेर साठ माणसांची रांग असते आणि फोल्डर कपाटात असतं. त्यालाही कळलेलं असतं, वळत नसतं. मुलाला मोघम सूचना देऊन उपयोग नाही हे ज्या शिबिरात शिकवतो, त्याच शिबिरात आपण थेरपिस्टला मोघम सूचना देऊन घरी पाठवतो. म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं वर्षभरात चारच मुलं घ्यावीत. दर मुलाच्या घरी दोनदा आणि वर्गात एकदा जावं. महिन्याला एका भेटीचं ध्वनिमुद्रण, घरच्यांची परवानगी घेऊन, पाच-सहा सहकाऱ्यांनी एकत्र ऐकावं. प्रमाणपत्र त्यानंतर. वर्षाला चाळीस शिबिरं घेण्याऐवजी चार घेतली तर पैसेही यात बसतात.

गृहभेटीवर माझा इतका जोर का, त्याचं कारण एक खिळा आहे. मागच्या वर्षी मी ज्यांच्यासोबत काम करत होते त्यातली एक तरुण समुपदेशक सात वर्षांच्या एका मुलाबद्दल वैतागून सांगत होती. रोज दप्तर विसरतो, कुठेही टाकतो. तिनं आईला सांगितलं होतं, दाराजवळ एक खिळा ठोका, आल्याबरोबर दप्तर तिथेच. आई म्हणाली ठोकला. सहा आठवडे झाले, फरक शून्य. ‘आई सहकार्य करत नाही’ असं लिहायच्या बेतात ती होती. मी म्हटलं, एकदा जाऊन तर ये. ती गेली. खिळा होता, दाराजवळच होता, चांगला मजबूत. आईनं तो स्वतःच्या हाताच्या उंचीवर ठोकला होता, कारण खाली रांगतं बाळ होतं. पोरगा उड्या मारूनही तिथे पोचत नव्हता. दोघींनी मिळून तो दीड हात खाली घेतला, टोक वाकवलं आणि त्यावर चिंधी गुंडाळली. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं अडुसष्ट रुपये झालं. तिनं प्रवासभत्त्याचा अर्ज केला तो परत आला. कार्यालयाच्या फॉर्ममध्ये ‘बैठक’ आणि ‘प्रशिक्षण’ असे दोनच रकाने आहेत, गृहभेट कशात घालायची ते स्पष्ट करावं, असा त्यावर शेरा होता.